एका बटणाचा अ‍ॅम्प्लिफायर

मी सेनगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. आठवीला ध्वनीचा धडा आहे. तो मी दरवर्षी इतका लांबवतो की पुढचा धडा परीक्षेच्या तोंडावर दोन तासांत उरकावा लागतो. हेडसर दरवर्षी त्यावरून बोलतात आणि मी दरवर्षी पुढच्या वेळी लक्षात ठेवीन असं सांगतो. एवढ्यावरून माझा स्वभाव ओळखायला हरकत नाही.

घर साखऱ्याला. घरात आई, बाबा, बायको प्रियंका आणि मी. पाचवा मेंबर दोन वर्षं यायचाच होता, पण जेवायला बसलं की विषय त्याचाच निघायचा. म्हणजे मी बोलायचो आणि बाकीचे जेवायचे. हा मेंबर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर.

आमच्या भागात अ‍ॅम्प्लिफायर म्हटलं की लोकांना लग्न आठवतं, नाहीतर गणपतीची मिरवणूक. मला हवा होता तो घरात शांत बसून गाणं ऐकायचा. जुन्या काळच्या काचेच्या व्हॉल्व्हचा नको, तो आमच्या व्होल्टेजवर महिनाभर टिकला नसता, ट्रान्झिस्टरचा हवा. दोन-तीन पेट्या एकमेकींना जोडायची भानगड नको, सगळं एकाच पेटीत हवं. आणि मुख्य म्हणजे त्या पेटीच्या तोंडावर एकच गोल बटण हवं, आवाज लहान-मोठा करायचं. बास नाही, ट्रेबल नाही, नाचणारे दिवे नाहीत, ब्लूटूथ नाही, रिमोट तर नाहीच. गाणं जसं रेकॉर्ड झालं तसंच्या तसं कानात आलं पाहिजे, मध्ये कुणी हात घालायचा नाही. बास-ट्रेबलची, म्हणजे जाड-बारीक आवाज कमी-जास्त करायची बटणं म्हणजे गाण्यात भेसळ, असं माझं ठाम मत होतं. माझं म्हणजे, मोबाईलवर आमच्यासारख्या हौशी लोकांचा एक ग्रुप आहे, त्यात पुण्याचे एक गृहस्थ ‘शुद्धस्वर’ या नावाने लिहितात, त्यांचं होतं. मी ते इतक्या वेळा वाचलं की शेवटी माझंच झालं.

या ग्रुपवर माझी थोडी वट होती, तीही सोयाबीनमुळे. आमच्या मधल्या खोलीत माझे स्पीकर असतात आणि सोयाबीन निघालं की पोतीही त्याच खोलीत, मागच्या भिंतीला पार छतापर्यंत लावलेली असतात. एका दिवाळीत माझ्या लक्षात आलं की गाणं अचानक सुधारलंय. घुमणं बंद, थाप न् थाप मोकळी. मी पोत्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. पुण्या-बंगळुरूचे लोक याच कामासाठी भिंतींना महागाचे फोमचे तुकडे चिकटवतात, ते सगळे हळहळले. शुद्धस्वरांनी तर सोयाबीनची घनता विचारली. पुढे पौषात बाबांनी माल विकायला काढायचं ठरवलं, तेव्हा भाव अजून वाढेल म्हणून मी अडून बसलो. भाव पडला. माझं खरं कारण बाबांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

निवड शेवटी तीन अ‍ॅम्प्लिफायरवर आली. पहिल्याला काचेच्या दोन खिडक्या होत्या आणि त्यांत गाण्याबरोबर हलणारे काटे. तो प्रियंकाला आवडला, म्हणून बाद. दुसऱ्याला सगळंच होतं, अगदी आपण झोपलो की आपोआप बंद व्हायची सोयसुद्धा. एवढं सगळं येणारा माणूस एकही काम धड करत नाही, असं मी स्टाफरूममधल्या अनुभवावरून ठरवलं. तिसरा म्हणजे नुसती काळी पेटी. समोर एक बटण, मोहरीएवढा एक दिवा, मागे वायरी लावायच्या जागा. बस. मी वहीत तक्ता आखून तिघांना गुण दिले आणि काळी पेटी मागे पडायला लागली तेव्हा गुण द्यायची पद्धत बदलली. प्रियंका पोळ्या लाटता लाटता म्हणाली, मला बघायला आलता तवा पोहे संपायच्या आत होकार दिलता. मी म्हणालो, तेव्हा समोर एकच पर्याय होता. हे बोलायला नको होतं हे मला लगेच कळलं. पुढचे दोन दिवस शाळेचा डबा माझा मीच भरला.

आता बाबांचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांची आहे. मी त्यात उगाच मध्ये मध्ये करतोय.

बाबांचं नाव तातेराव. पंचाहत्तरीला आलेत. मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी भजन असतं आणि चाळीस वर्षं त्यातला पखवाज बाबांचा. गेल्या वर्षी पेरण्या उरकल्यावर एका शनिवारी, अभंगाची लय चढत असताना, बाबांचा ठेका सुटला. टाळ एकीकडे आणि पखवाज दुसरीकडे असं झालं. गाणारे थांबले. बाहेरगावचे एक महाराज त्या दिवशी आले होते, ते वळून बघत राहिले. बाबांनी कसंबसं भजन पुरं केलं, घरी येऊन पखवाजाला गवसणी घातली आणि तो खुंटीला टांगला. तेव्हापासून ते देवळात जायचे ते फक्त सकाळी, उभ्या उभ्या हात जोडायला.

मी त्यांना हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख माझ्या हातात दिला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ आलेली रेघ मध्यावर आल्यावर जी घसरली होती ती थेट कागदाच्या तळाशी. डॉक्टर म्हणाले, जाड आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. चाळीस वर्षं टाळांच्या मध्ये बसल्यावर दुसरं काय होणार. मी कागद बघून म्हणालो, म्हणजे दोन हजार हर्ट्झच्या पुढे उतार आहे. स्वस्तातल्या स्पीकरचा आलेख अगदी असाच असतो, हेही मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. वडिलांच्या कानांचा आलेख आपल्याला वाचता आला, याचा आनंद मला परतीच्या प्रवासात सेनगाव येईपर्यंत पुरला.

कानातलं मशीन घेतलं. ते शिट्टी मारायचं. बाबांनी ते चार दिवस लावलं, मग डबीत घालून ठेवलं आणि पुन्हा त्याचं नाव काढू दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी देवळातल्या पखवाजाचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा. आता तो गोपीचंद चव्हाण वाजवायचे. हे जवळच्या तांड्यावरचे, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर आणि बाबांचे जुने दोस्त; मी त्यांना गोपीकाका म्हणतो. मूळचे ते टाळकरी. मंडळात दुसरं कुणी नव्हतं म्हणून पखवाजावर बसले आणि खड्ड्यांतून गाडी काढल्यासारखा ठेका धरू लागले. तो आवाज कानावर आला की बाबा उठून गोठ्यात जायचे. आई एकदा मला म्हणाली, "त्यायला पखवाज बराबर ऐकू येतो रे. त्याचीच तर तकलीफ हाय."

बाबा परत भजनात बसावेत असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं, अगदी मनापासून. फक्त त्यावर मला सुचलेला उपाय होता अ‍ॅम्प्लिफायर. घरच्या घरी स्वच्छ, शुद्ध आवाज ऐकायला मिळाला, रेकॉर्डिंगबरोबर वाजवून बाबांचा हात पुन्हा बसला, की ते आपोआप देवळात जातील. हे मी आईला सांगितलं, प्रियंकाला सांगितलं, शेवटी स्वतःला सांगितलं आणि मला ते पटलं. माझा शोध बाबांचा ठेका सुटायच्याही वर्षभर आधीपासून चालू होता, ही गोष्ट कुणी काढली नाही. प्रियंकाने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. मी बाबांच्या नावाने काळ्या पेटीची ऑर्डर टाकली.

कुरिअरवाला साखऱ्याला येत नाही. हिंगोलीहून ते खोकं मी जीपमध्ये मांडीवर घेऊन आणलं. ड्रायव्हर ते टपावर टाका म्हणत होता. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा विचारलं नाही. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे पेटी वजनदार, आणि वजनदार असणं हे चांगल्या पेटीचं लक्षण असतं असं मी ग्रुपवर स्वतः लिहिलेलं होतं. सेनगाव यायच्या आत माझे दोन्ही पाय बधिर झाले. शेजारी आमच्याच गावची भिकाबाई बसली होती. तिने विचारलं, इन्व्हर्टर हाय का? मी म्हणालो, अ‍ॅम्प्लिफायर. तिने विचारलं, लग्न कुणाचं? मी म्हणालो, लग्न नाही, घरात बसून ऐकायला. भिकाबाई बराच वेळ खोक्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने जीपमधल्या बाकीच्यांना सांगितलं की तातेरावचं पोरगं मास्तर हाय. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी पेटी मांडली. आई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली. पेटीवर काहीही ठेवायचं नाही, बोटसुद्धा लावायचं नाही, असं शुद्धस्वरांचं सांगणं होतं. कुंकवाबद्दल ते काही बोलले नव्हते. मी आईला मागच्या बाजूला, वायरींच्या खाली, दिसणार नाही असं एक बोट लावू दिलं. आईला ते आवडलं नाही आणि तिचं बरोबर होतं.

बाबांना मी दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, टेपने मोजून, खुर्चीत बसवलं आणि आमच्या मंडळाच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावलं. ते मीच केलेलं होतं, अडीच वर्षांपूर्वी, देवळाच्या खांबांना दोन माईक बांधून. त्यात पखवाजावर बाबाच होते. कुठलाही स्पीकर, कुठलीही वायर पारखायची असली की मी हेच लावायचो. निदान शंभर वेळा तरी ऐकलं असेल. कोण कुठे बसलंय, कुणामागे भिंत आहे, हे मी डोळे मिटून सांगू शकायचो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचो.

आवाज फार सुंदर होता. मला भरून आलं. पेटीमुळे, हे आता कबूल करतो. बाबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. पहिला अभंग संपल्यावर म्हणाले, "चांगलंय. पखवाज तर देवळात बसल्यावानी. टाळकरी कुठं गेले?"

आहेत की, मी म्हणालो, पाच जण आहेत.

"मला तर एक बी ऐकू न्हाई येऊन राहिला."

टाळ माझ्या कानांत खणखणत होते. खुर्चीमागे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. बाबांना टाळ ऐकू येत नव्हते. टाळ ऐकू येत नाहीत म्हणूनच त्या दिवशी ठेका सुटला होता. तो आलेख मी हातात धरला होता, वाचला होता, वर डॉक्टरांना शिकवला होता. दोन वर्षं मी ट्रान्सफॉर्मरचं वजन, वायरीची जाडी आणि सोयाबीनची घनता यांचा अभ्यास केला आणि माझ्याच वडिलांना एकदाही विचारलं नाही की तुम्हाला नेमकं काय ऐकू येत नाही. मला माझी लाज वाटली.

बाबांनी पेटीकडे बोट करून विचारलं की बारीक आवाज वाढवायचं दुसरं बटण कुठं आहे. आपल्या जुन्या टेपला होतं. एवढी लाज वाटूनही माझ्यातल्या मास्तरला गप्प बसवेना. चांगल्या मशीनला ते बटण नसतं, मी समजावू लागलो. जे जसं आहे ते तसंच ऐकायचं असतं, मध्ये आपण हात घालायचा नसतो. बाबांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग पखवाजाला आमी कणीक काहून लावतो?" ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवायच्या आधी ओली कणीक थापावी लागते, तिच्याशिवाय तो घुमत नाही, हे मी लहानपणापासून बघत आलोय. आईने मळलेल्या कणकेचा गोळा दर शनिवारी बाबांसाठी बाजूला काढलेला असायचा. "देऊळ मोठं असलं तर येगळी," बाबा सांगत होते, "माणसं जास्ती आली तर येगळी. हवा ओली असली तर अजून येगळी. दर खेपेला बघून लावावी लागते. जसा हाय तसा वाजवला तर ते नुसतं लाकूड हाय." मग पेटीकडे बघून म्हणाले, "तुझ्या मशीनला कणीक लावायची सोय न्हाई."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वाजवणाऱ्या माणसाने एक वाजणारी वस्तू बघून आपलं मत सांगितलं होतं. ते उठून गोठ्यात गेले. मी पेटीसमोर बसून राहिलो.

सेनगावला बसस्टँडमागे रणजीतचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्नाच्या हंगामात त्याच्या डीजेने आमच्या शाळेच्या खिडक्या थरथरतात. त्यावर मी वर्गात, त्याचं नाव न घेता, ध्वनिप्रदूषण या विषयावर अनेकदा बोललोय. सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि हलक्या आवाजात बास-ट्रेबलचं किट मागितलं. कशाला लावायचं, त्याने विचारलं. मी काळ्या पेटीचं नाव सांगितलं. ते त्याला माहीत निघालं. "सर," तो म्हणाला, "ती मशीन लोक असलं कायी लावायचं न्हाई म्हणून घेतात."

मी बाबांचं सांगितलं, या वेळी खरं खरं. रणजीतचं हसणं थांबलं. लहानपणी साखऱ्याला आला की तो बाबांच्या पखवाजाजवळ बसायचा म्हणे. त्याने हातातलं काम बाजूला सारून किट स्वतः जोडलं, ट्रेबल नेहमीपेक्षा जास्त वाढेल असं केलं आणि भिंतीवर लावतात तसल्या प्लास्टिकच्या बोर्डात बसवून दिलं. बटणांची जोडी शिल्लक नव्हती म्हणून एक लाल लावलं आणि एक पिवळं. वर चमचमणारा एक स्टिकर चिकटवला. तो नको म्हणायचं धैर्य मला झालं नाही.

त्याच संध्याकाळी शुद्धस्वरांनी माझ्या मांडणीचा फोटो मागितला. मी बोर्डावर रुमाल टाकून फोटो काढला. त्यांचं उत्तर आलं की धुळीसाठी रुमालाची कल्पना चांगली आहे, फक्त सुती वापरा.

मंगळवारी शाळेला सुट्टी होती. दुपारी बाबांना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि या वेळी तो बोर्डच त्यांच्या हातात दिला. लाल बटण, ट्रेबलचं, हळूहळू फिरवा म्हणालो. ते अर्ध्यावर गेलं तेव्हा मी दात आवळले. पाऊण झालं तेव्हा प्रियंकाने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पूर्ण फिरलं तेव्हा त्या खोलीत जे चाललं होतं त्याला गाणं म्हणणं अवघड होतं. पत्र्यावर कुणी खिळे ओतत होतं. दोन वर्षांत जे जे वाईट म्हणून मी ओळखायला शिकलो होतो ते सगळं त्यात हजर होतं.

बाबांची मान वर आली. "आले," ते म्हणाले.

त्यांची बोटं मांडीवर चालू लागली. आधी उजव्या हाताची, मग दोन्ही. वर्षभर त्या हातांना मी असं चालताना बघितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की त्या आवाजातही मी खोलीतून हललो नाही.

तिसऱ्या अभंगात लय चढू लागली आणि बाबांनी एकदम हात वर केला. मागं घे म्हणाले. घेतलं. ऐकून झाल्यावर पुन्हा मागं घे म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी विचारलं, हा डावीकडचा टाळ कुणाचा? हा तर माझ्या अभ्यासाचा विषय. मी ताबडतोब सांगितलं की गोपीकाकांचा, तुमच्यापासून पाच फुटांवर, काशाचा आणि जरा जड.

"तो थांबून राहिला," बाबा म्हणाले.

मला कळलं नाही. त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावायला सांगितला, मांडीवर थाप मारून दाखवली आणि म्हणाले, इथं माझा हात मागं पडला, आता ऐक. मी ऐकलं. बाबांची थाप जरा उशिरा आली होती. पाच टाळांमधला तो एक टाळ एका ठोक्यापुरता गप्प झाला. बाबांची पुढची थाप पडली तसा तो तिच्यावर पडला आणि बाकीचे चार त्याच्या मागोमाग आले. गाणाऱ्यांना पत्ताही लागला नव्हता. पुढच्या अभंगात पुन्हा तसंच झालं. त्याच्या पुढच्याही अभंगात झालं.

शंभर वेळा मी हे रेकॉर्डिंग ऐकलं होतं. तो टाळ कशाचा आहे आणि किती फुटांवर आहे, हे मला पाठ होतं. तो माझ्या वडिलांसाठी थांबतो, हे मला एकदाही ऐकू आलं नव्हतं. डॉक्टरांच्या त्या बंद खोलीत बाबांच्या आधी मलाच बसवायला हवं होतं.

हे कधीचं, बाबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा ठेका सुटला त्याच्या दीड वर्ष आधीचं. बाबांनी बोर्ड खाली ठेवला.

"त्या शनवारी गोपीचंद न्हवता," ते म्हणाले. "लेकीकडं गेलता, जवळा बाजारला." मग म्हणाले, "मला वाटलं, तेवढ्या एका दिवशी चुकलं. तो मला कवापासून सांभाळून घेऊन राहिला होता."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. मी गाणं बंद केलं.

त्यानंतरचे तीन-चार दिवस वाईट गेले. बाबा जेवायचे, शेतात जाऊन यायचे, पण कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मी पेटीवर चादर टाकली. या माणसाला परत पखवाजापाशी बसवायला म्हणून मी निघालो होतो आणि तो किती दिवसांपासून चुकत होता याचा पुरावाच त्याला ऐकवून बसलो होतो, तोही पूर्ण ट्रेबल देऊन. हे मी प्रियंकाला म्हणालो. टाकून बोलेल अशी तयारी ठेवली होती. ती म्हणाली, "मामांना सगळेच बरं वाटंल ते सांगून राहिले होते. तुमी खरं ऐकवलं. आता त्यायचं त्यायला बघू द्या."

शनिवारी संध्याकाळी देवळातून पखवाजाचा आवाज आला, नेहमीसारखा अडखळत. बाबा ओसरीवरून उठले. गोठ्यात निघाले असं मला वाटलं. पण त्यांनी पाय धुतले, टोपी घातली आणि आईला देवघरातले टाळ काढून द्यायला सांगितलं. आई काही न विचारता उठली. विचारलं मी.

"पखवाज मला बराबर ऐकू येतो," बाबा म्हणाले. "टाळ न्हाई येत. मंग टाळ म्याच धरला तर ऐकायचा कशाला?"

हे मला सुचायला हवं होतं. मी विज्ञान शिकवतो.

मी त्यांच्यामागे देवळात गेलो. चाळीस वर्षं मधल्या सतरंजीवर पखवाजापाशी बसलेला माणूस कडेला टाळकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसला, आणि ते त्याला सोपं गेलं नाही हे त्याच्या पाठीवरून मला दिसत होतं. भजन थांबलं. गोपीकाका पखवाज पुढे सरकवून लगबगीने उठू लागले. बाबांनी हातानेच त्यांना खाली बसवलं आणि टाळांची दोरी बोटांना गुंडाळली. भजन पुन्हा सुरू झालं.

मी खांबाला टेकून उभा होतो. देवळातला कर्णा चिरका आहे, बास नावालाही नाही. एका अभंगात लय चढू लागली आणि गोपीकाकांचा हात अडखळला. बाबांचा टाळ एक ठोका गप्प झाला. मग गोपीकाकांची थाप आली, तिच्यावर तो नेमका पडला आणि बाकीचे टाळ त्याच्या मागोमाग आले. मी आजूबाजूला बघितलं. गाणारे डोळे मिटून गात होते.

भजन संपल्यावर पायऱ्यांवर सगळे आपापल्या चपला शोधत होते. गोपीकाका घाम पुसत बाबांजवळ आले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "भाऊ, कुठं चुकलो का मी?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "बराबर वाजवलंस."

गोपीकाका त्यांच्याकडे बघत राहिले. हेच वाक्य त्यांनी स्वतः, याच पायऱ्यांवर, बाबांना किती शनिवार ऐकवलं असेल कोण जाणे.